कोकण रेल्वेच्या छोट्या देखभाल डेपोत नक्की काय चालतं?

खाजणवारा (धागाकर्ता)

कोकण रेल्वेवर दर काही स्टेशनांनंतर बाजूला एक छोटं आवार लागतं. पत्र्याची शेड, रुळांखाली आडव्या टाकायच्या काँक्रीटच्या स्लीपर्सची थप्पी, गंजलेले रूळ, आडमार्गावर उभं एखादं अवजड पिवळं यंत्र, दोरीवर वाळत घातलेली नारिंगी जॅकेटं. पूल आणि बोगद्यांवर वाचायला ढीगभर मिळतं, या आवारांवर कोणी चार ओळी लिहीत नाही. इथे रेल्वेतली, रेल्वेच्या घरातली आणि नुसती रेल्वेवेडी अशी बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारतो.

तिथे कोण असतात आणि दिवसभर काय करतात? खाऱ्या हवेमुळे काम वेगळं पडतं का?

आणि खरा प्रश्न हा. २०२२ मध्ये रोहा ते ठोकूर पूर्ण मार्गावर वीज आली, वारा-पाऊस मोजायची उपकरणं बसली, तरी पावसाळ्यात रात्रभर माणसं बत्ती घेऊन रुळांवरून चालतातच. याची खरंच गरज उरली आहे, की ‘चालत आलंय म्हणून चालू आहे’? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पटत नसेल तर हाणा.

तळ्यातमळ्यात

शेवटची ओळ वाचली आणि खुर्ची पुढे ओढली. चहा ठेवलाय.

फिशप्लेट

हाणायलाच आलोय, पण आधी उत्तर देतो. नोकरीची बहुतेक वर्षं पी-वेमध्ये गेली, म्हणजे रूळ, स्लीपर, खडी आणि बाजूचे डोंगर सांभाळणाऱ्या खात्यात.

बाहेरून एक डेपो दिसतो, आत तीन संसार असतात. पी-वे, ओएचई म्हणजे वरच्या तारा, आणि सिग्नलवाले. तिघांची कुलपं वेगळी, रजिस्टरं वेगळी. भांडायला मात्र सगळे एकाच चहाच्या टपरीवर.

गँगची, म्हणजे रुळावर काम करणाऱ्या टोळीची, हजेरी सकाळी लागते, पण त्याच्या आधीच कीमन बाहेर पडलेला असतो. त्याच्या वाट्याला पाच-सहा किलोमीटरचा पट्टा. खांद्यावर हातोडा, पाना, थोड्या जादा क्लिपा आणि लायनर (क्लिप आणि रुळाच्या मधला तुकडा), लाल झेंडे, फटाके. (फटाके म्हणजे रुळावर बांधायचे. चाकाखाली आले की धडाड वाजतात आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो.) एक रूळ धरून जायचं, दुसरा धरून यायचं. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी ती वाकडी लोखंडी क्लिप असते ना, ती सैल असली तर हातोड्याखाली बद्द वाजते. जुना कीमन बोलता बोलता ठोकत जातो आणि मध्येच वाक्य तोडून खाली बसतो, की समजायचं सापडली.

मग गँग. खडी ओढणे, रूळ पॅक करणे, गटारं मोकळी करणे, स्लीपर बदलणे. एक स्लीपर पावणेतीनशे किलोच्या आसपास, म्हणजे ‘जरा हात लावा रे’ म्हणून उचलायची वस्तू नव्हे. तुम्ही म्हणता ते पिवळं यंत्र बहुतेक टॅम्पिंग मशीन. ते रूळ स्लीपरसकट किंचित उचलतं आणि पोलादी बोटं खडीत खुपसून थरथरवत ती स्लीपरखाली दाबून बसवतं.

हे सगळं गाड्यांच्या मधल्या वेळेत. रोहा ते वीर दुहेरी झालं २०२१ मध्ये, त्याच्या पुढे मार्ग एकेरी. एकेरीवर ब्लॉक, म्हणजे कामासाठी रूळ बंद, घेतला की दोन्हीकडच्या गाड्या थांबतात, त्यामुळे दोन-अडीच तास मिळाले की सोनं. पेपरात ‘अमुक गाडी अमुक स्टेशनात थांबवून ठेवणार’ म्हणून बातमी येते आणि तुम्ही लोक आम्हाला शिव्या देता, ते हेच.

पेट्रोलिंगवर, म्हणजे पावसाळी गस्तीवर, नंतर येतो. हात दुखले.

रापणकार

काका, शिव्या नाय हो. आमच्या गावात म्हातारे घड्याळ बघून गाडी किती लेट ता सांगतत, तेवढाच त्यांका काम.

पंचवीस_हजारी

ओएचईच्या बाजूने माझी भर. तारेत २५ हजार व्होल्ट, आणि तिला खांबापासून तोडून धरतात ते इन्सुलेटर. समुद्रावरून येणारा वारा त्यावर मिठाचा पातळ थर बसवतो. कोरडा आहे तोवर त्रास नाही. जोराचा पाऊस तर उलट धुऊन काढतो. घात करतं ते मधलं हवामान, म्हणजे पहाटेचं धुकं, दव, पावसाळ्यापूर्वीची भुरभुर. मीठ ओलं झालं की पृष्ठभागावरून वीज वाट काढते, चर्र आवाज, निळी ठिणगी, आणि कधीकधी ठो. पुढचं सगळं सेक्शन बंद. म्हणून खाडीच्या पट्ट्यातले इन्सुलेटर पावसाच्या आधी पुसावे लागतात. होय, फडक्याने. टॉवर वॅगनच्या, म्हणजे तारांच्या कामाच्या गाडीच्या, छतावर उभं राहून, एकेक.

त्याआधी पॉवर ब्लॉक, म्हणजे तारेतली वीज बंद, आणि ब्लॉक मिळाला तरी कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तार जमिनीला जोडल्याशिवाय कोणी हात वर करत नाही. कागदावर बंद झालेली वीज आणि खरोखर बंद झालेली वीज यात जीव जाण्याइतका फरक असतो.

दुसरा शत्रू कावळा. गवताकाड्यांचं घरटं परवडलं, पण याला तारेचे तुकडे लागतात. खांबावर नेमकं इन्सुलेटरला टेकवून बांधतो. आमच्यातला एक जण कावळ्यांना ‘कंत्राटदार’ म्हणतो, कारण माल कुठून आणतात कळत नाही आणि काम पाडलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

तळ्यातमळ्यात

कंत्राटदार! मेलो.

बायनरी_बंड्या

माहिती उत्तम, पण धागाकर्त्याच्या तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांनी बगल दिली. माझं मत स्पष्ट आहे. अंधारात, धो धो पावसात माणसाला कटिंगमधून (डोंगर कापून काढलेल्या वाटेतून) चालवणं ही सुरक्षा व्यवस्था नव्हे, तो नाइलाज आहे. रुळालगत ऑप्टिकल फायबर असतेच. त्याच फायबरला कानासारखं वापरून कुठल्या मीटरवर दगड पडला ते ओळखायचं तंत्रज्ञान परदेशात रेल्वेवर वापरतात. शिवाय कॅमेरे, ड्रोन. माणूस एका वेळी एका जागी असतो, फायबर सगळीकडे असते.

खाजणवारा

बंड्याशी सहमत. फिशप्लेट काका, आता हात दुखायचं थांबलं असेल.

फिशप्लेट

थांबलं. बसा.

लोकांना वाटतं किनाऱ्याची रेल्वे म्हणजे समुद्राची भीती. आमचा मार्ग समुद्राला फारसा चिकटत नाही, खाड्या ओलांडतो. भीती आहे ती डोंगराची. वर जांभा, खाली मऊ चिकणमाती. जांभ्यातून पाणी झिरपतं आणि खालच्या मातीवर साठतं. माती सरकली की वरचा दगड निघाला. तो दिवस, तास, जागा विचारून निघत नाही.

२२ जून २००३ ला वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी कटिंगमधून रुळावर आलेल्या दगडांवर गेली. पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडी आणि वीरच्या मध्ये मत्स्यगंधा एक्स्प्रेस, तीही दगडांवरच. दोन्ही वेळा जून. पहिल्या पावसांत डोंगर जास्त दगा देतो, कारण उन्हाळाभर तापून फटी उघडलेल्या असतात.

त्यानंतर कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या लावल्या, वाळ्याचं गवत लावलं, पावसाळी वेळापत्रकात वेग उतरवले. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर ड्रायव्हरने ४० च्या वर जायचं नाही. उपकरणंही आहेत, कोण नाही म्हणतो? वारा मोजणारी चार ठिकाणी, रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल, मांडवी, झुआरी आणि होन्नावरची शरावती. पानवलचा पूल ६४ मीटर उंच, तिथे उभं राहिल्यावर वारा मोजायला यंत्र लागत नाही, पण आकडा लागतो. पूर कळवणारी तीन ठिकाणी, काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवर. माणगाव ते उडुपी नऊ स्टेशनांवर पर्जन्यमापक. चिपळूणकरांना २०२१ चा जुलै आठवत असेल, वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा गाड्या आधीच्या स्टेशनांत थांबवल्या होत्या. तिथे यंत्र आणि माणूस दोन्ही कामी येतात.

पण पुराची जागा ठरलेली असते, दरडीची नसते. दिवाणखवटीच्या बोगद्याच्या तोंडाशी जुलै २०२४ मध्ये माती आली. त्याच महिन्यात पेडण्याला बोगद्याच्या तळातून चिखलपाणी वर आलं. वरून पडेल म्हणून बघत बसा, खालून येतं. बंड्या, तुझी फायबर दगड पडला तर ऐकेल. रुळाशेजारचं गटार तुंबून पाणी खडीत शिरतंय, कालपर्यंत स्वच्छ वाहणारं पाणी आज लाल येतंय, कडेच्या झाडाने मान टाकलीये, हे कसं ऐकेल? दरड पडायच्या आधीची लक्षणं असतात ही, आणि ती बघायला डोळाच लागतो.

दुसरं म्हणजे पेट्रोलमन वाट्टेल तेव्हा भटकत नाही. रात्रीच्या गाड्या बघून चार्ट काढतात, गाडी येण्याआधी तो तुकडा कोणीतरी पायाखालून घातलेला असावा असा. धोक्याच्या कटिंगला तर चोवीस तास एकाच जागी पहारेकरी.

बायनरी_बंड्या

गढूळ पाणी ओळखणारा सेन्सर दोन हजारात येतो काका.

फिशप्लेट

दोन हजाराचा सेन्सर जुलैत चिखलाखाली जातो बाळा. मग तो उकरायला गँगच.

थेम्सकाठी

मध्येच तोंड घालते. इंग्लंडात डेव्हन परगण्यात डॉलिश नावाचं गाव आहे. तिथली रेल्वे अक्षरशः समुद्राच्या भिंतीवरून जाते, भरतीला लाटा डब्यावर आपटतात. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात भिंतच गेली आणि रूळ स्लीपरसकट हवेत लोंबकळत राहिले. दोन महिने मार्ग बंद, एप्रिलच्या सुरुवातीला सुरू झाला. पुढे नवी, उंच भिंत बांधली. तिथे खरोखरच समुद्र हा शत्रू. पण गंमत अशी, की त्याच मार्गावर पुढे टिनमथच्या बाजूला लाल कडे आहेत आणि तिथेही लोकांना धास्ती दरडीचीच. काकांचं म्हणणं सातासमुद्रापार लागू पडतं म्हणायचं.

हिशेबनीस

सगळं ठीक, पण पैसा? कोकण रेल्वे महामंडळ आहे. स्थापनेवेळी वाटे असे: केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ सहा-सहा. भारतीय रेल्वेत विलीन झालं तर दुहेरीकरण आणि देखभाल दोन्हीला अर्थसंकल्पातून पैसे मिळतील. महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिलीच आहे.

रापणकार

आणि आमच्या जमनी गेल्या त्या पोरांच्या नोकऱ्यांचा काय? भरती मग सगळ्या देशातून होतली.

हिशेबनीस

रापणकार, भावना समजू शकतो, पण पैशाची चणचण असलेलं महामंडळ...

संपादक मंडळ

विलीनीकरणावर स्वतंत्र धागा आहे, तिथे आधीच महाभारत चालू आहे. इथे डेपोवर बोला.

अबोली

नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते. माझे बाबा ट्रॅकमन होते, पावसाळ्यात पेट्रोलमन. घर रुळापासून हाकेच्या अंतरावर.

रात्री निघताना आई डबा द्यायची. कोरडी भाकरी, चटणी, कांदा. कालवण नाही, कारण रेनकोट घालून बसायला जागा नसते, उभ्यानेच खायचं. डबा, तिरंगी बत्ती, शिट्टी, नंबराची पत्र्याची पाटी, फटाक्यांचा डबा आणि पेट्रोलची वही. वही मेणकापडात गुंडाळलेली, कारण भिजली तर ते चाललेच नाहीत असं झालं. पट्ट्याच्या शेवटाला पलीकडचा पेट्रोलमन भेटायचा. दोघे वह्यांची अदलाबदल करायचे आणि माघारी फिरायचे. स्टेशनवर मास्तरांची सही. म्हणजे आपण शेवटपर्यंत गेलो याचा पुरावा दुसऱ्याच्या हातात. पाऊस इतका की बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून दोघे नुसते बत्ती वर करून ‘सगळं ठीक’ म्हणायचे.

गाडी आली की बाजूला उभं राहून उजेड त्या पाटीवर धरायचा आणि शिट्टी वाजवायची. ड्रायव्हरला नंबर दिसला पाहिजे. डब्यात झोपलेल्यांना यातलं काही कळत नाही, कळायचं कारणही नाही.

दगड दिसला तर काय करायचं ते बाबांनी आम्हा भावंडांना पाठ करायला लावलं होतं, पाढ्यासारखं. जागेवर लाल बत्ती सोडायची. आधी ज्या बाजूने गाडी यायची त्या बाजूला पळायचं. ६०० मीटरवर एक फटाका, १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटर सोडून. मग उलट पळत येऊन दुसरी बाजू. एकेरी मार्ग ना, गाडी कुठूनही येऊ शकते. खडीवरून, गमबूट घालून, पावसात बाराशे मीटर पळून बघा एकदा.

पण फिशप्लेट काका, एक सांगू? तुम्ही म्हणता ते खरंच आहे, डोळा लागतो. तरीही मी बंड्याच्या बाजूने आहे. बाबांचे गुडघे गेले. ओल्या बोगद्यातून चालून छाती धरायची. एकदा कटिंगमध्ये फुरसं पायाखाली आलं, बूट जाड म्हणून वाचले. लोक पेट्रोलमनला सलाम वगैरे ठोकतात, वर्तमानपत्रात जूनमध्ये फोटो येतो. सलामापेक्षा त्या माणसाचं चालणं कमी करणारं काहीही येत असेल तर ते यावं.

फिशप्लेट

अबोलीताई, यावर वाद घालणार नाही. आता वॉकीटॉकी आहे, साधारण दर किलोमीटरला फोन जोडायचं सॉकेट आहे, त्यामुळे पळण्याआधी कळवता येतं. पण पळावं लागतंच, फोन लागला तरी. आणि सेन्सर आले तर पहिला पेढा पेट्रोलमनच वाटेल. माझा विरोध सेन्सरला नाही, ‘सेन्सर बसवले, आता माणसं कमी करा’ याला आहे. दर वर्षी पावसाळ्यात सहाशेच्या वर माणसं गस्तीला असतात. त्यातली निम्मी चालण्याऐवजी धोक्याच्या जागी धड छपराखाली बसून बघू शकली, तर माझी हरकत नाही.

खाजणवारा

म्हणजे चालणं कमी आणि बघणं तेवढंच. हे मला पटण्यासारखं आहे. ‘काहीच बदलू नका’ मात्र अजून पटत नाही.

खाऱ्या हवेचं राहिलं. इन्सुलेटर कळले, रुळाचं काय?

फिशप्लेट

रूळ गंजतो, पण वरून दिसतो तो गंज वरवरचा, चाकं घासून डोकं चकाकतं ठेवतात. खरा गंज खाली, लायनर जिथे रुळाच्या पायावर बसतो तिथे. क्लिप काढल्याशिवाय दिसत नाही. तिथे पाय खाल्ला गेला की रूळ बदलायचा. पूर्वी डब्यांचे संडास थेट रुळावर पडायचे, त्याने तर लोखंड वितळल्यासारखं व्हायचं. बायोटॉयलेटं आल्यावर ते थांबलं. गँगमधल्या कोणालाही विचारा, गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी सुधारणा कुठली. विद्युतीकरण म्हणणार नाही.

क्लिप स्वतःच्या खाचेत गंजून बसली तर घणानेही निघत नाही. म्हणून ठराविक मुदतीने प्रत्येक क्लिप काढायची, तारेच्या ब्रशने घासायची, ग्रीस लावायचं, परत ठोकायची. एका स्लीपरला चार. किलोमीटरला दीड हजारांच्या वर स्लीपर. करा गुणाकार.

आणि सगळ्यात जास्त गंज कुठे? खाडीकाठी नाही, बोगद्यात. ऊन नाही, वारा नाही, वर्षभर ठिबक. खाडीपुलावरचा रूळ निदान चार महिने वाळतो तरी.

तळ्यातमळ्यात

सहा हजारांच्या वर क्लिपा एका किलोमीटरला! आता स्टेशनवर नारिंगी जॅकेट दिसलं की चहा मी पाजणार.

पंचवीस_हजारी

साखर कमी सांगा, बहुतेकांना डॉक्टरने बजावलंय.

भिरभिरं

उशिरा आले, सगळं एका दमात वाचलं. एक बाळबोध शंका. दुरुस्तीच्या जागी पिवळ्या त्रिकोणी पाटीवर ३० वगैरे लिहिलेलं असतं. तिथे गाडी हळू होते ते समजलं, पण ती जागा मागे गेल्यावरही बराच वेळ रखडत का जाते? समोर मोकळा रूळ, तरी पळत नाही. माझा मुलगा दर वेळी विचारतो.

फिशप्लेट

इंजिन पुढे गेलं म्हणून गाडी पुढे गेली असं होत नाही, शेवटचा डबा अजून त्या तुकड्यावरच असतो. म्हणून पुढे दोन गोल पाट्या असतात, एकावर टी/पी, दुसरीवर टी/जी. पहिली प्रवासी गाडीसाठी, दुसरी मालगाडीसाठी. मालगाडी लांब, म्हणून तिची पाटी आणखी पुढे. आपली पाटी इंजिनाने ओलांडली, की शेपूट सुटलं असं धरून ड्रायव्हर वेग घेतो. मुलाला सांगा, शेवटच्या डब्यात बसून मोज.

भिरभिरं

सांगितलं. आता तो मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसायचं म्हणतोय.